आबांच्या हाताखालचा पाट

मी एक पाट बोलतोय. जेवणाच्या पंगतीचा नव्हे, गुडघ्यांचा. रावेरच्या चर्चचं एक बाकडं मोडलं, त्याच्या फळीतून कौतिकआबांच्या वडिलांनी मला केलं. या घरातलं लेकरू लग्नाला निघालं की माझ्यावर गुडघे टेकतं. वडीलधारा दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो. "अब्राहामाच्या, इसहाकाच्या, याकोबाच्या देवा, याला सांभाळ," असं म्हणून आपल्या बापाचं, आज्याचं नाव घेतो. शेवटी लेकराचं. माणसं मी गुडघ्यांवरून ओळखतो.

आबांच्या थोरल्या लेकीचे, नूतनचे गुडघे मात्र लग्नाच्या दिवशी आलेच नाहीत. आबांना न विचारता तिनं फैजपूरच्या केळीवाल्यांच्या घरात लग्न केलं. "माझ्यापुढं तिचं नाव नको," आबा म्हणाले. मला भिंतीला टेकवून ठेवलं. पुढं साखरेच्या आजारानं आबांची नजरही गेली.

यंदा धाकट्या मोहिनीचं लग्न निघालं. तिनं आशीर्वादाची आपली पाळी ताईला द्यायचं ठरवलं. नूतन मागच्या दारानं आली. आई पुष्पाबाईंनी तिला मोहिनीची साडी नेसवली, मोहिनीचाच गजरा माळला.

"अगं पुष्पा, अगदी रिबकाच झालीस की," नणंद लताबाई कुजबुजल्या. "करडाचं कातडं तेवढं बांधायचं राहिलं!"

"राहू द्या अक्का. तिनं थोरल्याचे केसाळ हात वाटावेत म्हणून धाकट्याच्या हाताला कातडं बांधलं, आणि आंधळ्या नवऱ्याला, इसहाकाला फसवून त्याला आशीर्वाद मिळवून दिला. थोरला बिचारा रडत राहिला. मी तर थोरलीलाच देतेय. देव समजून घेईल."

नूतन माझ्यावर टेकली. आबांचे हात डोक्यावरून फिरले आणि भांगाजवळ थांबले. तिथं खोक पडल्याची खूण आहे. लहानपणी ती ओट्यावरून पडली, तेव्हा आबांनीच हळद दाबून धरली होती.



मग आबांनी सगळा आशीर्वाद म्हटला. बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं. जरा थांबले. शेवटी म्हणाले, "मोहिनी."

नूतनचं आसू माझ्यावर पडलं. ती आली तशी मागच्या दारानं गेली.

सगळे मांडवात गेल्यावर आबा चाचपडत खाली बसले. ओल हाताला लागली, तिथंच तळवा ठेवला. "नूतन," ते म्हणाले. "नूतन, माझी बाय." ऐकायला मीच होतो.

नाताळाआधी आबा गेले. माती देऊन आल्यावर नूतन आईला म्हणाली, "मला आशीर्वाद मिळाला तो चोरून ना गं? नाव तर मोहिनीचंच घेतलं." पुष्पाबाईंना काय ठाऊक? त्या नुसत्या रडल्या.

आता मी पुन्हा भिंतीला टेकून आहे. मला गुडघे कळतात, पण उठून तिच्याकडं जाता येत नाही. तुम्ही कधी फैजपूरकडं गेलात, तर तिला एवढं सांगाल का? पोरी, तू चोरलं नाहीस. आबांनी हातानं ओळखलं होतं. तुझं नावही घेतलं होतं. तू मागच्या दारानं गेल्यावर.