झऱ्याचा आकडा

झोइलाने झऱ्यातून तापमापक काढला, झग्याला पुसला आणि पुन्हा बुडवला. पारा पुन्हा त्रेपन्नावर जाऊन बसला. गेल्या गुरुवारी एक्केचाळीस होता.

"एक्केचाळीसच सांग," धुण्याचे पिळे टोपलीत टाकत धाकटी बहीण एन्रिकेता म्हणाली. "कोण येतंय बघायला?"

ज्वालामुखीच्या अंगावर पुरलेलं कंपनयंत्र गेल्या शुक्रवारी वीज पडून मुकं झालं होतं. ते दुरुस्त होईस्तोवर शहरातल्या वेधशाळेला डोंगराची नाडी कळायची ती गावोगावच्या राखणदारांकडून. या गावची राखणदार झोइला. पगार नाही, एक वायरलेस तेवढा मिळालेला.

सात वर्षांपूर्वी तिच्याच शब्दावर गाव खाली उतरलं होतं. अकरा आठवडे तंबूत काढले. डोंगराने नुसती राख झटकली. परत येऊन पाहतात तर फळं झाडावर सडलेली, गिनीपिग खुराड्यात मेलेले. तेव्हापासून बाजारात झोइलाशेजारी कोणी टोपली मांडत नाही. एन्रिकेतालाही तिच्याशी बोलायला दोन वर्षं लागली.

"शनिवारी ट्रक येतोय, ताई. झाडं फळांनी वाकलीत. या खेपेला फुकट पळवलंस ना, तर लोक तुला उचलून डोंगराच्या तोंडात टाकतील."

"टाकू देत. गुडघ्यांना शेक तरी मिळेल."

सातला वायरलेस खरखरला. वेधशाळेतले इंजिनियर ओल्मेदो एकेका गावाला हाक मारत आले.

"झोइलाबाई, झऱ्याचं काय?"

तिने बटण दाबलं आणि तशीच थांबली. एन्रिकेता मान वळवून आपल्या बागेकडे बघत होती.

"त्रेपन्न," झोइला म्हणाली. "दोनदा मोजलंय."

पलीकडे कागदांची सळसळ झाली.

"कधीपासून चढलं, बाई? आजच, की आधीपासून? आमचं यंत्र बंद आहे. हाताशी किती वेळ आहे ते यावरच ठरवायचंय."

"मी गुरुवारीच मोजते, साहेब. मधलं मला..."

एन्रिकेताने ओले हात पुसले आणि वायरलेस तिच्या हातातून काढून घेतला.

"रविवारपासून," ती म्हणाली. "रविवारीच पाण्याने हाताला चटका बसला. मी रोज धुते इथं." आवाज खाली आला. "हिला सांगितलं नव्हतं मी."

पलीकडे कोणीतरी खुर्ची ढकलून धावत गेलं. पुढच्या गावाला हाक गेली नाही.

एन्रिकेता खाली बघत उभी होती. झोइलाने धुण्याच्या टोपलीचा एक कान धरला.

"दुसरा धर," ती म्हणाली. "आणि चल. गाव हलवायचं तर घंटेला दोघी लागतील."