मर्लच्या कोठारातल्या पाट्या

मतदानाची वेळ केव्हाच संपली होती, पण सभापतींचा हातोडा काही खाली येत नव्हता. म्हाताऱ्यांना सरकारी खर्चाने औषधं देणारं आपल्याच पक्षाचं विधेयक पडायला आलं, तर घड्याळाकडे बघतो कोण? विरोधात मत टाकून पक्षातले शहाणे खासदार वॉशिंग्टनच्या गल्लीबोळांत पसार झाले होते. कॅन्ससचा हार्लन व्होग्ट तेवढा बाकावर बसून राहिला. विधेयक पडताना त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. तिथेच तो चुकला, कारण नेत्यांच्या हाती तो एकटाच लागला.

आधी खांद्यावर हात आला, मग गावच्या हॉस्पिटलच्या निधीचा विषय निघाला. पुढच्या खेपेला त्याच्याविरुद्ध पक्षातलंच कोण उभं राहील, तेही गोड शब्दांत सांगून झालं. हार्लन नुसती मान हलवत राहिला. आतून मात्र तो पार खचला होता. सरकारचा पसारा वाढू देणार नाही, हा एकच शब्द त्याने लोकांना दिला होता. तो मोडला तर आपल्यापाशी उरतं काय, हे त्याला कळेना.

धीर यावा म्हणून त्याने सभागृहाशेजारच्या खोलीतून म्हाताऱ्या मर्ल स्टकीला फोन लावला. 'सरकार आवरा' अशा पाट्या गावभर ठोकून मर्लनेच त्याला निवडून आणलं होतं. ठाम राहा, एवढं त्याने म्हटलं की झालं.

मर्लने बायकोचाच विषय काढला. "परवडत नाहीत म्हणून आयरीन गोळ्या अर्ध्या करून खाते, पोरा. दे मत."

"मर्ल, पाट्या तुम्हीच रंगवल्या होत्या ना?"

"तेव्हा सरकार त्यांचं होतं. आता आपलं आहे. पाट्या ठेवल्यात मी कोठारात. ते परत आले की लागतील."

रागवावं तरी कोणावर? आयरीनच्या स्वयंपाकघरात तो लहानाचा मोठा झाला होता.

मत फिरवायचं तर सभापतींसमोर जाऊन कार्डावर सही करावी लागते. हार्लनने होकाराचं हिरवं कार्ड उचललं. सही करून त्याने ते कारकुनाच्या हातात दिलं. हातोडा लगेच पडला. गावात तुझा पुतळा उभारतील, असं म्हणत कोणीतरी पाठ थोपटली.

हार्लनला कोठारातल्या पाट्या दिसत होत्या. प्रत्येकीवर खाली त्याचंच नाव होतं.