तेजोनाथांचा लाल हात

हॉलमधले दिवे विझले आणि खच्चून जमलेली गर्दी एकदम गप्प झाली. स्टेजवर तेजोनाथ महाराजांनी माझ्या भावाच्या, दत्तूदादाच्या, गळ्यावर उजवा हात ठेवला. मोठा हुंकार दिला. आणि त्यांची बोटं लाल झाली. निखाऱ्यासारखी, आतून पेटल्यासारखी.

"तेज उतरतंय, बघा, तेज उतरतंय!" माइकवरचा चेला ओरडला. "डॉक्टरचा उजेड लाइटबिलावर चालतो, महाराजांचा तपावर! ना सुई, ना चिरा, ना साइड इफेक्ट!"

घणसोली गावातल्या बायांनी पदर पसरले. माझ्या शेजारी दादाची बायको, बयावैनी, हुंदके देत होती. हात मीही जोडले होते. एकादशी, गुरुवार, संध्याकाळचा दिवा, यातलं काही माझं चुकत नाही. हात जोडायला मला कुणी शिकवायला नको. पण मी मात्र मनातल्या मनात दिवस मोजत होते.

कारण दादाची खरी तारीख, हॉस्पिटलात उपचारासाठी दिलेली, निघून गेली होती.

घास अडकतो म्हणून तपासलं, तेव्हा दादाच्या अन्ननलिकेत कॅन्सर सापडला होता, अगदी सुरुवातीचा, आतल्या अस्तरापुरता. पण त्याचं हृदय कमजोर. भूल सोसणार नाही, ऑपरेशन नको, असं ठरलं. तेव्हा नेरूळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर नंदिनींनी दुसरा उपाय सांगितला. शिरेतून एक औषध द्यायचं. ते रोगट पेशींत जास्त साठून राहतं. मग दुर्बिणीतून आत लाल उजेड सोडायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि त्या पेशी मारतं.

"हमी नाही," त्या म्हणाल्या होत्या. "गिळताना दुखेल, नळी आवळूही शकते. पण रोग वरवर आहे तोवरच हे जमतं. आणि औषध घेतल्यावर महिनाभर तरी उन्हात पाऊल टाकायचं नाही, कातडी भाजेल."

दादाने एवढंच धरलं. "महिनाभर? आनी गावदेवीची जत्रा? पालखीचा पयला खांदा आमच्या घरचा हाय, गंगू. बापाचा व्हता, आता माजा हाय. मी काय खिडकीतशी बगू?"

"खांदा विपुल देईल की, दादा. तुझाच मुलगा ना?"

"मी जित्ता असताना?"

त्याच आठवड्यात तेजोनाथांचे बॅनर लागले : 'प्रकाशस्पर्शाने गळ्याचे विकार दूर.' घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरही उजेडच म्हणत होत्या ना? मग हाही उजेडच. शिवाय उन्हाचं बंधन नाही. मी म्हटलं, डॉक्टरांचं काम औषधाने होतं, नुसत्या उजेडाने नाही. वैनी म्हणाली, "तुमी तं देवाच्या बाय, ताई. तुमीच असा बोलायला लागल्या तं झालाच!" मी हळू बोलते. माझं बोलणं तिथेच राहिलं.

दादाने जत्रेत पालखीला खांदा लावला. उन्हात, घामाघूम, हसत. "बग, आता घास अडकत नाय!" मला म्हणाला. अडकेल कसा? महाराजांनी पथ्य दिलं होतं : फक्त पेज आणि दूध. घासच नाही, तर अडकणार काय?

मग एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा नेताना वारा सुटला. नेहमीसारखा मी ज्योतीसमोर हात आडवा धरला. बोटं लाल दिसली. निखाऱ्यासारखी. इतकी वर्षं रोज बघत आलेय. उजेड बोटांतून पार होतो तेव्हा रक्तामांसाचा लाल रंगच तेवढा पलीकडे येतो. माझ्या हातात काही सिद्धी नाही.

पुढच्या बैठकीला मी रांगेत उभी राहिले. अंधार झाला. महाराजांचा हात माझ्या गळ्यावर आला. तळव्याला गुंडाळलेल्या रुद्राक्षमाळेखाली काहीतरी कडक, कोमट लागलं. मी दोन्ही हातांनी तो हात धरला आणि उलटा केला.

पांढरा झोत थेट छतावर गेला. छोटी बॅटरी, पेनाच्या टोपणाएवढी.

"महाराज," मी विचारलं, "तपाला सेल कुठला घालता?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दिवे लागले. चेला लगेच सावरला, "यंत्र हे निमित्त आहे, माउली! तेज महाराजांचंच!" आणि खरं सांगते, निम्मा हॉल मान डोलावत बसला. एक बाई माझ्यावरच खेकसली, "देवाला हात घालतेस?" दादा मात्र उठला. चप्पल शोधू लागला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही नेरूळला गेलो. पुन्हा दुर्बीण, पुन्हा तपासण्या. डॉक्टर नंदिनींनी खुर्ची दादाच्या जवळ ओढली. रोग अस्तराखाली, स्नायूपर्यंत उतरला होता.

"तो उजेड काही मिलिमीटरच आत पोचतो, काका. आता रोग त्याच्या खाली आहे."

"मंग जास्त उजेड टाका," दादा म्हणाला. "मोठा टाका. मी आता बसतो घरान, उन्हान नाय जात. वरीसभर नाय जात."

डॉक्टरांनी त्याच्या हातावर हात ठेवला. शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बघू, नळी मोकळी राहील असं करू, म्हणाल्या. बरं करू, असं त्या म्हणाल्या नाहीत. वैनी माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी दादाचे रिपोर्ट गोळा करून पिशवीत ठेवले.

देवावर माझी श्रद्धा आहे, उद्याही असेल. म्हणूनच हात जोडून सांगते. अंधार करून चमत्कार दाखवणाऱ्याला आधी दिवे लावायला सांगा, त्याचा तळहात उघडून बघा. आणि तेवढंही धैर्य होत नसेल, तर निदान डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला हॉस्पिटलात जा. बाबाकडे हवं तर नंतर जा. बाबा तुमच्यासाठी थांबेल. रोग थांबत नाही.