बाळाआधीचा टोस्ट

सुईणबाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि तोंड वाकडं केलं. दोन किलो उतरले होते. आणखी एक उतरला तर सलाइनसाठी भरती करीन, म्हणाल्या. अंथरुणातून उठायच्या आधीच थोडं थोडं खायचं, असा सल्ला दिला. सल्ला चांगला होता, पण पोटाला कोण सांगणार? चीज उलटलं, बटाटे उलटले, नवऱ्याने, म्हणजे युरेने, कौतुकाने केलेलं वाटाण्याचं सूप तर नुसत्या वासाने उलटलं.

शेवटी पोटात एकच गोष्ट टिकली: लोणी लावलेला गोल टोस्ट आणि त्यावर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. पण तो तर आमच्या देशात बाळ झाल्यावर भेटायला आलेल्यांना वाटतात. मुलगी असली तर गुलाबी गोळ्या, मुलगा असला तर निळ्या. माझा आता कुठे आठवा आठवडा. गेल्या वर्षी सहाव्या आठवड्यातच गावभर सांगून बसलो, आणि मग दारोदार "नाही राहिलं" म्हणत फिरलो. ते मला पुन्हा झेपणार नव्हतं. या वेळी बारा आठवडे होईपर्यंत सासूबाईंनाही सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

घरातल्या गोळ्या संपल्या तसं युरेला दुकानात पाठवलं. माझा नवरा गुणी आहे, पण थाप मारायची वेळ आली की त्याचा दगड होतो. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, मुलगी की मुलगा? हा गडबडला आणि दोन्ही रंगांचे डबे घेऊन आला.

तासाभरात सासूबाई सायकलवरून हजर. जुळी कुणाला झाली, गावाला माहीत आणि मलाच कसं नाही, असं विचारत त्या थेट आमच्या खोलीत शिरल्या. मी अंथरुणात, हातात अर्धा टोस्ट, दुलईभर गुलाबी-निळ्या गोळ्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"कितवा?"

"आठवा आठवडा. आई, कुणाला बोलू नका."

"मी काय युरे आहे? सांगते दुकानात, बेल्जियमच्या भाचीला जुळी झाली म्हणून."

त्यांना भाचीच नाही.

आलेल्याला टोस्ट द्यायची रीत, म्हणून मी एक पुढे केला. त्यांनी तो घेतला, क्षणभर पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"माझा मी फेब्रुवारीत, बाळ आलं की खाईन. तोवर माझ्या वाटणीचाही तूच खा."

मला रडू आलं. रडत रडतच खाल्ला, आणि तो पोटात राहिला.