न आलेल्या पोराची अर्धी करवंटी

मी एक करवंटी बोलतेय. नारळाची, साधी, धुराने काळी पडलेली. ऐकायचं असेल तर बसून ऐका, उभ्या उभ्या ऐकण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

माझा जन्म ठाण्याच्या खाडीकाठचा. ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, पण आमच्या बाजूला राज्य पडावांचंच, म्हणजे शिडाच्या होड्यांचं. मीठ न्यायला पडाव यायचे ते भरतीच्या वेळेला, आणि पडाव आला तरच बायांना पाट्या वाहायचं काम. हंगाम धरताना मिठागराच्या बांधावर मुकादमाने नारळ फोडला. त्याच्या डोळ्यांकडच्या अर्ध्याचे फुटून तुकडे झाले. उरलेला अखंड अर्धा ती मी. खोबरं बायांनी वाटून खाल्लं आणि मला चिखलात टाकलं. तिथून मला हौसाबाईने उचललं.

हौसाबाई आगरी घरातली विधवा बाई. वीस वर्षं मिठाच्या पाण्यात उभं राहून तिच्या पायांना अशा चिरा पडल्या होत्या की बांधावर चालायचं म्हटलं तरी रक्त यायचं. मुलगी बाळंतपणात गेली आणि मागे नात ठेवून गेली, लक्ष्मी. मी घरात आले तेव्हा लक्ष्मी तीन वर्षांची होती. त्या म्हातारीला जगात तेवढं एकच माणूस. ते जगवायचं, यापलीकडे तिला दुसरा देव नव्हता.

पायांपायी मिठागराचं काम सुटलं तेव्हा तिने नवं काम काढलं. बाया तान्ही पोरं बांधावर फडक्यात निजवायच्या. उन्हाने पोरं करपायची, माश्या घोंगावायच्या. हौसाबाईने सांगितलं, पोरं माझ्या झोपडीत आणून टाका, मी बघते. आढ्याला चार झोळ्या बांधल्या. तीन झोळ्या रोजच्या पोरांच्या. त्यांचं महिन्याचं ठरलेलं असे, त्याच्याशी माझा संबंध नाही. चौथी झोळी अधूनमधून येणाऱ्यांची. आज पडाव लागलाय, उद्या लग्नघरी दळण आहे, परवा वीटभट्टीवर बोलावणं आहे, अशा बायांची. एक दिवस, एक पोर, एक करवंटी तांदूळ. ती करवंटी मी.

तिने मला खापरीने आतून-बाहेरून घासून गुळगुळीत केलं होतं आणि नंतर विळीच्या टोकाने आत निम्म्यावर रेघ ओढली. ती कशासाठी, ते पुढे कळेल.

माप झालं की माणसं कळतात. एक बाई मला भरताना आत चार बोटं घालून ठेवायची आणि तांदूळ ओतून झाले की हळूच काढून घ्यायची. एकीचे तांदूळ कमी आणि खडे जास्त. रखमाबाई नावाची एक होती, तिच्या घरी खायची मारामार, पण शीग लावून द्यायची. उलट जिच्या दारात दोन म्हशी, ती म्हणायची, आज पोर झोपूनच होतं ना, मग पुरी करवंटी कशाला. हौसाबाई तिला म्हणाली, उद्यापासून जागं पोर आण, मग दीड घेते.

पण खरा त्रास येणाऱ्यांचा नव्हता, न येणाऱ्यांचा होता. मालन नावाची एक तरणी बाई एका संध्याकाळी सांगून गेली, उद्या माझा पोरगा येणार, झोळी धरून ठेव. हौसाबाईने धरली. त्या झोळीसाठी सकाळी दोन बाया आल्या, दोघींना तिने परत पाठवलं. मालन आलीच नाही. चुलतबहिणीच्या हळदीला गेली होती आणि कळवायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. त्या दिवशी लक्ष्मीला मिठाचं पाणी घातलेली पेज मिळाली, आणि म्हातारीला त्या पेजेचं भांडं धुतलेलं पाणी. मी चुलीशेजारी पालथी पडून हे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती रेघ ओढली गेली. नियम असा झाला. उद्या पोर आणायचं असेल तर आज संध्याकाळी रेघेपर्यंत तांदूळ आणून द्यायचे. सकाळी पोर आलं की वरचे अर्धे. पोर आलं नाही तर आधीचे अर्धे हौसाबाईचे. पडाव आला नाही, पाहुणे आले, नवरा नको म्हणाला, काही चालणार नाही.

बाया खवळल्या. मालन सगळ्यांसमोर म्हणाली, "सरकार मिठावर कर घेतंय, आन् ही मावशी न आलेल्या पोरावर घेतेय."

हसल्या सगळ्या. हौसाबाई हसली नाही. मग एकीने विचारलं, आणि पोर आजारी पडलं तर? हौसाबाई म्हणाली की आजारपणाची थाप मी चार वेळा ऐकलीय आणि चारही वेळा ते पोर दुसऱ्या दिवशी टुणटुणीत पाहिलंय. अर्धी म्हणजे अर्धी.

खोटं कशाला सांगू, तेव्हा मीही फुगले होते. माझ्यामुळे त्या घरात रोज संध्याकाळी भात शिजू लागला. लक्ष्मीच्या गालांवर जरा मांस आलं. ती मला टोपीसारखी डोक्यावर घालून झोळ्यांच्या मधून पळायची आणि म्हातारी ओरडायची, माप आहे ते, खेळणं नाय. नियम चांगला होता. आजही मी तेच म्हणते. त्यात एक भोक राहिलं होतं, ते आम्हा दोघींना दिसलं नाही.

फाल्गुन लागला. पडावांची रीघ लागली. शेवंती नावाची एक पोरसवदा बाई होती, नवरा मुंबईला गोदीत गेलेला, पैसा नाही की निरोप नाही. तिचा गोविंदा वर्षाचा. ती एका संध्याकाळी शेजारणीकडून उसने तांदूळ घेऊन आली आणि मला रेघेपर्यंत भरून गेली. हौसाबाईने ते लगेच चुलीच्या वैलावर चढवले. लक्ष्मीने दोनदा मागून खाल्लं.

सकाळी शेवंती आली. पोर खांद्यावर मान टाकून पडलेलं, नाक वाहतंय, डोळे लाल. उरलेले अर्धे तांदूळ तिच्या पदरात बांधलेले. कुणी काही विचारायच्या आधीच ती बोलू लागली. दात येतायत, रात्रभर रडला, म्हणून अंग थोडं कढत आहे, दुपारपर्यंत उतरेल. थांबतच नव्हती.

हौसाबाईने पोराच्या कपाळाला हात लावला आणि तो तिथेच राहिला. तिने चार पोरं वाढवली होती, त्यातली तीन पुरली होती. त्या हाताला दातांचा ताप आणि दुसरा ताप वेगळा कळत नसेल, असं मला कुणी सांगू नये.

आता इथे सगळं अडलं. पोर घरी न्यावं तर शेवंतीचे अर्धे तांदूळ बुडणार, ते फेडायला दुसरे नाहीत, आणि त्या दिवसाची मजुरीही जाणार. म्हणून ती आली होती. आणि हौसाबाईने स्वतःच्या तोंडाने परत पाठवावं, तर अर्धे परत द्यायला हवे होते. ते काल रात्रीच शिजले होते. तिने चुलीकडे पाहिलं. भांडं घासून पालथं घातलेलं. मग तिने हात काढून घेतला.

"टाक झोळीत," ती म्हणाली.

शेवंतीने पदर सोडून मला काठोकाठ भरलं आणि पळत बांधावर गेली.

तिसऱ्या दिवशी गोविंदाच्या अंगावर पुरळ उठलं. गोवर. शेवंतीने दाराला कडुलिंबाचा टाळा लावला, आत गोवर आहे याची खूण. पंधरवड्याच्या आत रोजची तिन्ही पोरं एकामागून एक पडली. महिन्याभराने उठली, एकाचा कान कायमचा गेला. गोविंदा तर आठ दिवसांतच उठून बसला.

लक्ष्मीचा गोवर बाहेर फुलला नाही, आत गेला. छाती भरली. हौसाबाईने तिला झोळीत घातलं नाही, सहा दिवस मांडीवरून खाली ठेवलं नाही. मधेच ती माझ्यात पाणी घेऊन तिच्या ओठांना लावायची. पाणी तसंच परत यायचं. सातव्या दिवशी सकाळी तिने मला खाली ठेवलं आणि पुन्हा भरलं नाही.

यापुढे मी फार बोलणार नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही.

बाराव्यानंतर शेवंती आली. उंबऱ्याच्या बाहेरच बसली, आत यायचं धाडस नव्हतं.

"मावशे, त्या दिशी दात नव्हते. मी खोटं बोलले."

"ठाव व्हतं मना," हौसाबाई म्हणाली. "हात लावला तवाच."

शेवंतीने मान वर केली.

"अर्धी परत द्यायला घरात तांदूळ नव्हता गो. तू सांगतीस तर मी काय दिली असती? म्हणून तुझं खोटं मना पायजेच व्हतं."

शेवंतीने तिच्या त्या चिरलेल्या पायांवर डोकं टेकवायला पाहिलं. तिने पाय ओढून घेतले. माफी देणं घेणं तिच्याने होणार नव्हतं, आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. मग उठली, आढ्याच्या झोळ्या सोडल्या, त्यात मला गुंडाळलं आणि ते गाठोडं शेवंतीच्या मांडीत टाकलं. बायांना काम सुटणार नाही, पोरं कुणीतरी सांभाळलीच पाहिजेत, आता तू सांभाळ, एवढंच म्हणाली. डोंबिवलीला हौसाबाईचा भाऊ भातशेती करायचा. त्याच्याकडे ती निघून गेली. पुढच्या पावसाळ्यात ती तिथे वारली असं ऐकलं. कशाने, ते कुणी सांगितलं नाही.

मी आता शेवंतीकडे आहे. काठाला तडा गेलाय, शिगेचे तांदूळ त्यातून सांडतात. चार झोळ्या इथल्या आढ्याला आहेत. बाया हव्या त्या वेळेला सांगून जातात आणि वाटेल तेव्हा विसरतात, त्यात काडीचा बदल नाही. शेवंतीही आदल्या संध्याकाळी अर्धे तांदूळ घेते. घ्यायलाच हवेत. तिचं पोट काही पडावाची वाट बघत नाही.

पण तुमच्यात कुणी दुसऱ्याची पोरं सांभाळत असेल तर माझं एवढं ऐका. आगाऊ घेतलेलं त्याच दिवशी खाऊ नका. पोर उंबऱ्यात येईपर्यंत ते तुमचं नसतं. तापलेलं पोर आणणाऱ्या आईला शिव्या घालून उपयोग नाही. तिच्या पदरात तिचे तांदूळ परत टाकता आले पाहिजेत, नाहीतर तुमच्या हाताला ताप कळूनही कळणार नाही.

काल संध्याकाळी रखमाबाईची सून मला रेघेपर्यंत भरून गेली. शेवंतीने वर पान झाकून मला फळीवर ठेवलं. घरात दुसरा दाणा नव्हता. गोविंदा आता चार वर्षांचा आहे, त्याला फळी दिसते. त्याने एकदा मागितलं, दोनदा मागितलं, मग भिंतीकडे तोंड करून झोपला. मी भरलेली होते आणि त्याच्या डोक्यावर दोन हात उंच होते.

सकाळी पोर आलं. शेवंतीने त्याच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पोटाला. ताप नव्हता.

तेव्हा तिने चूल पेटवली.