मार्कीझच्या वासराची कडी

कारखान्याच्या साहेबाला, त्या सिल्वांला, लाज म्हणून नाही. म्हाताऱ्या फिलोमेनच्या गोठ्यातून मला नेताना केवढा गोड बोलला होता. म्हणे, आजी, कारखान्याच्या समारंभापुरती द्या, ब्रेकही नीट करून आणतो. आणि नेल्याबरोबर केलं काय, तर माझ्या अंगाला हिरवा लष्करी रंग फासला आणि छपरावर लाकडाची खोटी बंदूक चढवली. या वयात माझं सोंग काढलं मेल्याने.

मित्रांनो, मी कांताल या गुराख्यांच्या डोंगरी मुलखातली एक जुनी गाडी आहे. सिल्वांचे आजोबा लेओन्स यांनी मला घडवलं. ते लोहार. युद्धातून उरलेल्या जीपगाड्या शेतकरी त्यांच्याकडे दुरुस्तीला आणायचे. चीजचे मणभर वजनाचे गोळे लादले की त्या चढावर मान टाकायच्या. लेओन्स वैतागले आणि त्यांनी स्वतःच गाडी बांधली: जाड पत्रा, ट्रॅक्टरचं इंजिन, नखरा नाही. घेणाऱ्याच्या कुरणापर्यंत भरल्या ओझ्यानिशी स्वतः चढवून नेल्याशिवाय ते गाडी कोणाच्या हवाली करत नसत.

माझ्या डाव्या अंगाला एक लोखंडी कडी आहे. आमच्याकडच्या तांबड्या गाई वासरू शेजारी असल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत, म्हणून ते गाईच्या पुढच्या पायाला बांधतात. फिलोमेनची गाय मार्कीझ मात्र पायाला दोरी लावू द्यायची नाही, लाथ घालायची. मला विकत घेणाऱ्या घरात तेव्हा फिलोमेन नवी सून होती, पण तोंड आजचंच. तिने लेओन्सना सांगितलं, गाडीलाच कडी लावा. मग माझ्या कडीला वासरू बांधायचं, त्याच्या पाठीवर मीठ चोळायचं, मार्कीझ ते चाटत उभी राहायची आणि बादली भरायची.

एकदा लष्कराच्या दोन अधिकाऱ्यांनी मला कुरणाचा चढ चढताना पाहिलं. झालं, मागणी आली. लोहाराच्या शेडचा कारखाना झाला. माझ्या धाकट्या बहिणी चिलखत घालून दूर वाळवंटात गेल्या. त्यांनी त्यांचं काम इमानाने केलं, मी नावं ठेवत नाही. पण कारखाना दोनदा विकला गेला, पाटीवरचं नाव बदललं, आणि मी कुठे आहे हे एकानेही विचारलं नाही. दर हिवाळ्यात माझं तेल बदलायची ती एकटी फिलोमेन.

समारंभाच्या दिवशी ती मला न्यायला आली. रविवारी गुरं वरच्या कुरणात जायची होती. मिठाची पोती आणि लंगडी वासरं त्या वाटेने वर नेणारी माझ्याशिवाय दुसरी गाडी तिच्याकडे नाही. कारखान्याच्या फाटकात सिमेंटचा चौथरा तयार होता. माझी चाकं त्यात कायमची ठोकायची होती. सिल्वां आता तिथला साहेब. तो हसून म्हणाला, आजी, तुम्हाला नवी गाडी देतो, ही आता इतिहास झाली.

फिलोमेनची शाळा दोन हिवाळ्यांची. ती माझ्याजवळच्या पितळी पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. वाळवंटातल्या लढाईत या कडीला मशीनगन बांधलेली असे, असं तिथे कोरलं होतं. जमलेले कामगार पाटी सोडून कडीकडे बघू लागले. त्यांच्यातले निम्मे गुराख्यांच्या घरचे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पुसा, तेलपाणी करा. जमत नसेल तर कोपऱ्यात गंजू द्या. पण तिने जे केलं नाही ते तिच्या गळ्यात बांधू नका. त्यापेक्षा भंगार बरं.

फिलोमेनने एप्रनच्या खिशातून वासराची दोरी काढली आणि कडीतून ओवली. इतक्या वर्षांत झिजून पडलेल्या खाचेत ती बरोबर बसली. मग ती सिल्वांकडे वळली.

"तुझ्या आजोबाने ही कडी वासरासाठी लावली. त्या दुधावर तुझा बाप वाढला. तुला ते सांगायची लाज वाटते, म्हणून तू या म्हाताऱ्या गाडीच्या हातात बंदूक दिलीस. फाटकात खोटा शिपाई हवाच असेल, तर त्या चौथऱ्यावर तू उभा राहा. हिची किल्ली इकडे आण."