तेजरामची खाकी

माझा धाकटा भाऊ तेजराम एकाहत्तरच्या लढाईत जहाजासोबत समुद्रात गेला. देह मिळाला नाही. नौसेनेच्या कपड्यांतला त्याचा एकच फोटो घरात होता, तोही दोन बोटांएवढा. बालाघाटजवळच्या आमच्या गावच्या शाळेनं भिंतीवर त्याचं मोठं चित्र काढायचं ठरवलं, तेव्हा मायनं स्वतः तो फोटो पेंटर दुलीचंदच्या हातात दिला. मग रोज विचारायची, झालं का?

सव्वीस जानेवारीला सकाळीच मी शाळेत गेले आणि चित्रावरची चादर उचलून पाहिली. तेजराम खाकी कपड्यांत, खांद्यावर बंदूक! मागे बर्फाचे डोंगर.

"दुलीचंदभाऊ, हे काय करून ठेवलं? तो जहाजावर होता ना!"

"मालूम हाय बाई. पण ते पांढरे कपडे, गळ्यात निळं फडकं... बँडवाल्यावानी दिसत होता. गुरुजीच म्हणले, फौजी दिसला पायजे."

हेडमास्तर भोजराज गुरुजी तिथंच उभे होते. "कमलाबाई, इथं समुद्र कोनं पाह्यला? बंदूक दिसली का लोक हात जोडतेत."

"लोकं जोडतीन. माय कोनाले पाह्यल? तिले तिचा पोरगा पायजे!"

"आता पाहुणे येऊन राह्यले, बाई."

"येऊ द्या. भाऊ, ब्रश उचला."

"अन् बर्फाचं काय करू?"

"पाणी करा त्याचं!"

कुरकुरत का होईना, त्यानं खाकीवर पांढरा रंग चढवला, निळी कॉलर रंगवली, बंदूक पुसली. तेवढ्यात पाहुणे आलेच. गुरुजींनी घाईघाईनं ओल्या रंगावर चादर टाकली. मी ओरडले, पण ऐकतो कोण! पाहुण्यांनी चादर ओढली ती रंगाला चिकटलेली. एका बाहीचा पांढरा रंग चादरीसोबत निघाला आणि खालची खाकी दिसू लागली. पोरं हसली.

माय पुढे गेली. तिला कमी दिसायचं, म्हणून अगदी भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"हौ, तेजूच हाय," ती म्हणाली. "पण बाही काहून फाटली याची?"

रंग ओला आहे हे मी सांगेपर्यंत तिनं त्या बाहीवर हात ठेवला होता. बराच वेळ ठेवला.

"अरे अरे, सगळं बिघडलं!" गुरुजी म्हणाले.

दुपारी दुलीचंद बाही नीट करायला डबा घेऊन आला. मी त्याला परत पाठवलं. माय जाऊन किती वर्षं झाली. तरी शाळेत नवे गुरुजी आले की विचारतात, "बाई, त्या बाहीवरचे बोटांचे डाग रंगवून घेऊ का?"

किती जणांना सांगायचं!